शिक्षा भोगून आलेला खेळाडू संघात घ्यायचा का? घ्यायचा तर कसा?

होममैदान_१३

प्रश्न दोन ओळींचा, पण कार्यकारिणीच्या तीन बैठका त्यात गेल्यात. सोलापुरातला नोंदणीकृत फुटबॉल क्लब, जिल्हा पातळीवर खेळणारा. वरिष्ठ पुरुष संघ, मुलींचा संघ आणि १३ वर्षांखालच्या पोरांचा सराव, सगळं एकाच मैदानावर. एक स्ट्रायकर यायला तयार आहे, वय २९. मारामारीत एकाचा जीव गेला, भारतीय दंड विधान (भादंवि) ३०४ भाग २, म्हणजे सदोष मनुष्यवधाखाली, पाच वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून बाहेर आलाय. खेळाबद्दल कुणाचंच दुमत नाही.

एक गट म्हणतो, शिक्षा भोगली, विषय संपला. दुसरा म्हणतो, पोरांच्या आईबापांना काय तोंड दाखवायचं?

मला तीन गोष्टी हव्यात. नोंदणीचा नियम आडवा येतो का? क्लबने कुठले कागद बघावेत? आणि मोठ्या क्लबांनी असे खेळाडू घेतले तेव्हा नेमकं कुठं फसलं? 'माणुसकी' आणि 'समाज काय म्हणेल' यावर व्याख्यान नको मालक, ते रोज चहावर होतंच.

---

डावा_विंगर

नियमाचं आधी. कोर्टाने शिक्षा दिलेल्या माणसाची नोंदणी करू नये असा सरसकट नियम फिफाच्या खेळाडू-नोंदणी नियमावलीत नाही. आपल्याकडेही सगळी कसून तपासणी असते ती वयाच्या दाखल्याची, कारण आपला जुना आजार वयचोरीचा. इंग्लंडमधली गंमत बघा. तिथे क्लबचा मालक किंवा संचालक व्हायचं तर पार्श्वभूमीची चाचणी आहे आणि काही शिक्षा झालेल्यांना ती दारातच अडवते. खेळाडूला तसली चाचणी नाही. म्हणजे निर्णयाचं ओझं क्लबच्याच डोक्यावर, तिथेही आणि इथेही.

आता कुठं फसलं ते. आधी न फसलेली उदाहरणं. इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबचा कप्तान टोनी अ‍ॅडम्सला डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. निम्मी भोगून बाहेर आला, आर्सेनलने त्याचं कप्तानपदही काढलं नाही. वेस्ट ब्रॉम क्लबच्या ली ह्यूजचं प्रकरण त्याहून जड. बेदरकार गाडी चालवून मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल २००४ मध्ये सहा वर्षं. वेस्ट ब्रॉमने करार तोडला. २००७ मध्ये सुटला आणि ओल्डहॅमने लगेच घेतला. पुढे नॉट्स काउंटीकडून २००९-१० च्या हंगामात त्याने लीगमध्ये ३० गोल मारले आणि संघ चौथ्या स्तराची लीग जिंकला. गोलरक्षक ल्यूक मॅककॉर्मिक २००८ मध्ये दारूच्या नशेत गाडी चालवत होता, दोन लहान भाऊ गेले. शिक्षा सात वर्षं चार महिने. २०१२ मध्ये बाहेर आला आणि २०१३ मध्ये पुन्हा त्याच प्लिमथ क्लबकडे. टीका दोघांवरही झाली, पण क्लब त्या टीकेला तोंड देऊन उभे राहिले.

फसलेली उदाहरणं बहुतेक लैंगिक गुन्ह्यांची किंवा बाईच्या खुनाची आहेत. ब्राझीलचा गोलरक्षक ब्रुनो याला एलिझा सामुदियो या बाईच्या खुनात २०१३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असताना फेब्रुवारी २०१७ मध्ये तो बाहेर आला आणि मार्चमध्ये तिथल्याच बोआ एस्पोर्टे क्लबने करार केला. प्रायोजक एकामागून एक गेले. काही सामने होतात तोच एप्रिलमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत आत पाठवलं. क्लबच्या हाती ना खेळाडू उरला ना पैसे. ब्राझीलच्याच रॉबिन्योला इटलीच्या खालच्या कोर्टाने सामूहिक बलात्काराबद्दल २०१७ मध्येच नऊ वर्षं दिली होती, तरी सान्तोस क्लबने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला घेतला. प्रायोजक हलले आणि आठवड्याभरात करार स्थगित. यात 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला जागाच नव्हती, निकाल तीन वर्षांपूर्वीचा होता.

आणि चेड एव्हान्स. त्याचं नाव या यादीत घालताना जपून. २०१२ मध्ये बलात्काराबद्दल पाच वर्षं, २०१४ मध्ये सुटका. त्याच्या जुन्या क्लबने, शेफील्ड युनायटेडने, नुसती सरावाची मुभा दिली तर दीड लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज उभा राहिला. ऑलिंपिक विजेत्या जेसिका एनिसने स्टँडवरचं आपलं नाव काढा म्हणून सांगितलं. क्लबने माघार घेतली. जानेवारी २०१५ मध्ये ओल्डहॅमचा करार होता होता फिसकटला. पण एप्रिल २०१६ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली आणि ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. म्हणून कुणी त्याला आज 'शिक्षा झालेला खेळाडू' म्हणत असेल तर ते चूक आहे.

माझं मत विचाराल तर कलम कुठलं यापेक्षा क्रम कुठला यावर जास्त क्लब बुडाले. आधी सही, मग चौकशी, मग प्रायोजकाचा फोन, मग माघार.

---

खालचं_कोर्ट

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली: शिक्षा 'भोगून' आलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यानेच ना? मग कागद बघा. बाहेर असणं म्हणजे सुटणं नव्हे. माणूस बाहेर असण्याचे निदान चार प्रकार आहेत आणि प्रत्येकात क्लबची अडचण वेगळी.

पूर्ण शिक्षा भोगून सुटला असेल तर तुरुंगातून सुटकेचा दाखला मिळतो. त्यात कलम, शिक्षा, सुटकेची तारीख असते. कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेतून वजा होतात आणि माफीचे दिवसही धरले जातात, म्हणून पाच वर्षांवाला साडेतीन-चार वर्षांत बाहेर दिसला तर लगेच संशय घेऊ नका. फक्त दंड भरला का ते विचारा. दंड न भरल्यास जादा कैद, असं निकालात बहुधा असतंच.

अपिलात शिक्षा स्थगित होऊन जामिनावर असेल तर गोष्ट वेगळी. जामिनाच्या अटी वाचा: जिल्हा सोडायचा नाही, अमुक वारी पोलीस ठाण्यात हजेरी, फिर्यादीच्या गल्लीत पाय ठेवायचा नाही. अवे सामना कोल्हापूरला असेल आणि अट जिल्ह्याची असेल, तर कोर्टाची परवानगी काढल्याशिवाय त्याला गाडीत बसवणं म्हणजे त्याचाच जामीन घालवणं. एव्हान्सलाही माल्टाच्या क्लबने बोलावलं होतं, पण मुदतीआधी अटींवर सुटलेला असल्यामुळे त्याला परदेशी काम करता आलं नाही. पॅरोल किंवा फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून तात्पुरत्या रजेवर, असेल तर सहीचा विचारच नको, तो कैदीच आहे.

चौथा प्रकार निर्दोष सुटलेल्याचा. त्याला या चर्चेतच ओढू नका.

आता पडताळणी. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. सोलापुरात इथंच घोळ होतो. आपल्याकडे कन्नड-तेलुगू वळणाची आडनावं इंग्रजीत तीन-तीन तऱ्हेने लिहितात, एक अक्षर चुकलं की पान कोरं. त्यापेक्षा पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकून शोधा, किंवा खटल्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक त्याच्याकडूनच घ्या. विजयपुरा-कलबुर्गीकडचा खेळाडू असेल तर कर्नाटकात वेगळं शोधावं लागतं. पान कोरं आलं म्हणजे माणूस कोरा, असं समजू नका. जुने निकाल सगळे चढलेले नसतात.

उच्च न्यायालय वेगळं शोधायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. अपील त्याआधीचं असेल तर मुंबईतही बघा. त्याने केलेलं अपील तर बघाच, पण शिक्षा वाढवून मागणारं सरकारचं अपील प्रलंबित आहे का तेही बघा. ते सगळे विसरतात. ब्रुनोचा क्लब वरच्या कोर्टाच्या आदेशानेच उताणा पडला.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला खेळाडूने स्वतः अर्ज करून काढायचा. शहरात राहत असेल तर पोलीस आयुक्तालय, बार्शी-पंढरपूर-अक्कलकोटकडचा असेल तर सोलापूर ग्रामीणचे अधीक्षक. गेल्या काही वर्षांत पुण्याला किंवा आणखी कुठे राहिला असेल तर तिथलाही मागा.

एक बारकी गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण गुन्हा त्याआधीचा असेल तर निकालात भादंविचीच कलमं दिसतील. ३०४ आणि ३०४ अ यांत लोक फार गफलत करतात. ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, ३०४ अ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. एका अक्षराने प्रकरण मारामारीवरून अपघातावर जातं. तोंडी सांगितलेलं कलम इतिवृत्तात कधीच लिहू नका.

आणि गुन्ह्याच्या वेळी तो १८ च्या आत असेल तर विचारूच नका. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ अशा मुलाला पुढे त्या शिक्षेची अपात्रता चिकटू देत नाही. १६ वर्षांवरच्या घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून चाललेला खटला हा अपवाद, तिथे वकिलाला विचारा.

---

पार्क_कोपरा

काय बे, एवढं तर आमदारालाही विचारत नाहीत. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर लोकप्रतिनिधी कायद्याने सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक बंद. मग सातव्या वर्षी तो उभा राहतो, निवडून येतो, आणि तुमच्याच स्पर्धेचं नारळ फोडायला येतो. तेव्हा कुणाला आईबाप आठवत नाहीत. आणि जिल्हा लीगमध्ये पळणाऱ्या पोराला मात्र तीन बैठका!

तो खेळणार हौशी म्हणून, प्रवासखर्च आणि बुटाच्या बदल्यात. फिफाच्या भाषेत लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त पैसे असतील तरच व्यावसायिक. कामाला जायचा त्याला हक्क आहे, मग चेंडू मारायचा का नाही?

---

खालचं_कोर्ट

आमदाराचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं की ओ. सहा वर्षांची थांबायची मुदत आहे म्हणजे कायदाही म्हणतो की शिक्षा संपली त्या दिवशी सगळंच संपत नाही. पण मुदत आहे, जन्मठेप नाही, एवढं तुमचं बरोबर.

हौशीचं मात्र पटलं. करार नसेल तर तोडायलाही काही नसतं, हा फायदाही आहे आणि तोटाही. काही बिनसलं तर तुमच्या हातात कागद नाही. म्हणून हौशी असला तरी हंगामापुरतं पत्र लिहून घ्या.

---

निळी_जर्सी_७

सगळे खेळाडूवर बोलताय. मैदानावरच्या बाकीच्यांचं बोलते.

स्कॉटलंडमधल्या गुडविली या फुटबॉलपटूचं प्रकरण तुमच्या क्लबसाठी जास्त जवळचं आहे. त्याला फौजदारी शिक्षा झालेलीच नाही. २०१७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याने बलात्कार केला असं ठरवून एक लाख पौंड भरपाई लावली. रेथ रोव्हर्स क्लबने जानेवारी २०२२ मध्ये खेळाडू-खरेदीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याला घेतला. जर्सीवर जिचं नाव होतं त्या लेखिका व्हॅल मॅकडर्मिड यांनी प्रायोजकत्व काढलं, महिला संघाची कप्तान सोडून गेली, आणि काही दिवसांत क्लबने 'चुकलो' म्हटलं. मार्चमध्ये तो आधीच्या क्लाइड क्लबकडे उसना गेला, तर ज्या नगर परिषदेचं मैदान होतं तिने त्याला मैदानात यायलाच मनाई केली. तोही करार संपला.

तेव्हा पहिला प्रश्न: तुमचं मैदान कुणाचं? महापालिकेचं, शाळेचं की ट्रस्टचं? मैदान देणाऱ्याला आधी विचारलंत का? सही झाल्यावर त्याने परवानगी रोखली तर मुलींचा आणि पोरांचाही सराव बंद होणार, एका स्ट्रायकरपायी.

दुसरं. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) नियम २०२० मध्ये क्रीडा अकादमीचं नाव घेऊन लिहिलंय की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची, कायम असो की कंत्राटी. खेळाडू कर्मचारी नाही म्हणून सुटतो असं वाटेल. पण आपल्याकडे वरिष्ठ खेळाडू काय करतात? कोच उशिरा आला की शिट्टी गळ्यात घालून पोरांचा वॉर्म-अप घेतात. शंकू मांडतात, किपरला चेंडू टाकतात, स्पर्धेला नेताना गाडीत बसतात. त्या दिवशी तो कोच झाला, कागदावर असो वा नसो. फट इथे पडते. म्हणून फक्त या खेळाडूची पडताळणी कराल तर ती शिक्षाच वाटेल. वरिष्ठ संघातल्या आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाची करा, सगळ्यांची एकदम.

तिसरं, तक्रार कुणाकडे करायची ते नाव मैदानावर लावा. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात मैदान आणि क्रीडासंस्था 'कामाची जागा' धरली आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नसली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते. किती क्लबांना हे माहीत आहे?

माझं उत्तर सरसकट नाही. लैंगिक गुन्हा किंवा मुलांविरुद्धचा गुन्हा असेल आणि त्याच मैदानावर मुलं-मुली असतील तर नाही, कितीही वर्षं झाली तरी. मारामारीतला मृत्यू असेल तर बोलता येईल.

---

होममैदान_१३

उपयोगी पडतंय. दोन गोष्टी स्पष्ट करतो. मैदान आमच्या मालकीचं नाही, देणाऱ्याला अजून विचारलेलं नाही. इथे चूक आमची. प्रायोजक एक टॉवेल कारखानदार आहेत, त्यांनाही कळवलेलं नाही. आणि गेलेल्या माणसाचं घर शहरातच आहे, मैदानापासून लांब नाही. त्यांच्याकडे जाऊन भेटावं असं काही जण म्हणतात.

---

खालचं_कोर्ट

जाऊ नका. पदाधिकारी घरी गेले की ते 'भेटायला' राहत नाही, 'मिटवायला' होतं. अपील प्रलंबित असेल तर साक्षीदारावर दबाव टाकला असाही अर्थ निघतो. गरज वाटली तर वकिलामार्फत एक पत्र: अमुक व्यक्ती अमुक हंगामात आमच्याकडे खेळण्याचा विचार आहे, तुम्हाला काही म्हणायचं असल्यास या पत्त्यावर. उत्तर आलं नाही तर त्याला संमती समजू नका आणि दुसरं पत्र पाठवू नका.

---

डावा_विंगर

त्यांच्या घरावरून आठवलं. तुम्ही त्याला घ्याल तर फ्लेक्स लावू नका. आपल्या सोलापुरात नवा खेळाडू आला की चौकात दहा बाय वीसचा फ्लेक्स, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो, 'ढाण्या वाघ' वगैरे. तो फ्लेक्स त्या घरातली माणसं रोज येता-जाता बघणार. खेळायला देणं वेगळं आणि मिरवणं वेगळं. कप्तानपद नाही, शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा नाही, पोस्टरवर चेहरा नाही. संघाच्या यादीत अकरांपैकी एक नाव, बस्स. गोल मारला तर टाळ्या पडतीलच, त्या तुम्ही थांबवू शकत नाही.

प्रायोजकाचं सोपं आहे. सही करण्याआधी समोरासमोर सांगा, निकाल हातात घेऊन. त्यांनी 'नाव काढा' म्हटलं तर जर्सीचा खर्च कुठून, हे त्याच बैठकीत ठरवा. छपाई झाल्यावर नाव काढायचं म्हणजे दोन्ही सेट फुकट.

---

पार्क_कोपरा

फ्लेक्सचं मान्य. बाकी त्याच्यावर एवढ्या अटी घालताय, त्याला तरी विचारा यायचंय का.

---

खालचं_कोर्ट

म्हणूनच पत्र दोन्ही बाजूंचं असावं. मजकूर थोडा, पण नेमका. त्याच्याकडून: माझ्यावरच्या सगळ्या शिक्षा, चालू खटले आणि अपिलं ही आहेत, क्रमांकासह, यात लपवलेलं निघालं तर नोंदणी त्याच दिवशी रद्द, मुलांच्या सरावाच्या वेळी मैदानावर येणार नाही, त्यांच्या गाडीत बसणार नाही. क्लबकडून: हे कागद अध्यक्ष आणि सचिव यांच्याखेरीज कुणी बघणार नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाहीत, गुन्ह्याबद्दल पत्रकारांशी फक्त एकच नेमलेला माणूस बोलेल, वरच्या कोर्टात शिक्षा बदलली, इकडे किंवा तिकडे, तर पुन्हा बसून ठरवू. ही शेवटची ओळ विसरू नका. ब्राझीलचा फुटबॉलपटू दानी आल्वेस याला स्पेनमध्ये बलात्काराच्या आरोपाखाली फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेचार वर्षं झाली आणि मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली. निकाल दोन्ही दिशांना फिरतात.

मुदत एक हंगाम. आपोआप नूतनीकरण नाही. ठराव कार्यकारिणीत मताला टाका आणि इतिवृत्तात विरोधी मतं नावानिशी लिहा. 'सर्वानुमते' लिहायची आपली सवय इथे अंगाशी येते. उद्या धर्मादाय कार्यालयात कुणी तक्रार केली तर विरोध केलेला विश्वस्तही त्यात अडकतो.

---

निळी_जर्सी_७

वेळेचं गणित पण लिहून टाका. पोरांचा सराव सकाळी सहा ते साडेसात असेल तर वरिष्ठांचा संध्याकाळी ठेवा, मध्ये मोकळा वेळ हवा. एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे सगळे सकाळीच यायला बघतात, तेव्हा दोन्ही वेळा एकमेकांवर येतात. तुमची अट पहिल्यांदा मोडेल ती तेव्हाच.

मुलींच्या संघाला वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. सही व्हायच्या आधी त्यांच्या कप्तानाला आणि पालकांना बोलवा, आणि 'नको' म्हणायची मोकळीक खरंच आहे असं त्यांना वाटेल तेव्हाच विचारा.

---

होममैदान_१३

मंगळवारची बैठक पुढे ढकलली. त्याला निकालपत्राची प्रत, सुटकेचा दाखला आणि सीएनआर क्रमांक मागितलाय. तो म्हणाला, 'एवढंच ना, आणतो.' अपिलाचं मुंबई आणि कोल्हापूर दोन्हीकडे बघायला सांगितलंय. मैदानवाल्यांना पत्र उद्या जाईल, मुलींच्या पालकांना रविवारी बोलावलंय. फ्लेक्सची ऑर्डर एका उत्साही पोराने आधीच देऊन ठेवली होती, ती आज रद्द केली.